आंबील आणि चौदाचा आकडा

१७ डिसेंबर, बुधवार

चार ओळींची बातमी. पाच मिनिटांत लिहून पाठवली, त्यातली तीन मथळ्याला गेली.

शिरोलीजवळच्या त्रिधारा दूध संघात आज सकाळी एका टँकरचालकाला श्वासचाचणीत पकडलं. बावीस वर्षांची नोकरी. टँकर मागे घेताना फाटकाच्या खांबाला घासला. सुरक्षा अधिकारी बाईंनी तिथल्या तिथं यंत्रात फुंकायला लावलं. यंत्रानं चौदा दाखवले. किल्ली काढून घेतली, निलंबनाची चिठ्ठी हातात. फाटकावरच्या गुंडूनं फोन करून कळवलं. गुंडू हा माझा जुना खबऱ्या — एक कप चहा आणि थोडं कौतुक, एवढ्यावर वर्षभर चालतो.

मथळा दिला: ‘दुधाचा टँकर, चालक तर्र’.

ठेका बरा जमलाय. नृसिंहवाडीच्या पाठशाळेत बारा वर्षं छंद घोकले, ते अगदीच वाया गेले नाहीत असं अधूनमधून वाटतं.

१८ डिसेंबर

मथळ्याला कुणी हात लावला नाही. कार्यालयातून दोन फोन — ‘नरसूअण्णा, झकास.’

हिनं पेपर वाचला, घडी घातली, आणि विचारलं, ‘त्याच्या घरी हा पेपर येतो का?’

मला काय माहीत.

१९ डिसेंबर, शुक्रवार

येतो.

दुपारी दोनच्या सुमाराला दारात एक बाई. सत्तरीच्या पुढची, कपाळभर भंडारा, एका हातात झाकणाची किटली, दुसऱ्या हातात आमचा पेपर — माझी बातमी वर येईल अशी घडी घातलेला. धोंडुबाई. टँकरचालक कृष्णातची आई. उचगावहून आलेली.

‘ह्ये तुमीच लिवलंय न्हवं?’

‘हो.’

‘मग ह्ये प्या.’

किटलीत आंबील. ज्वारीचं पीठ आंबवून, शिजवून, ताक घालून केलेली. वर कांदा, लसूण. रेणुकेची आंबील यात्रा नुकतीच झाली, आणि धोंडुबाईच्या घरी देवीचं मोठं करतात. नैवेद्याची उरलेली आंबील चार-चार दिवस मडक्यात राहते, रोज जास्त आंबते, आणि ती वाटायची असते, टाकायची नसते. बुधवारी सकाळी तिनंच लेकाला किटली भरून दिली होती — फाटकावरच्या सगळ्यांना वाट म्हणून. त्यानं वाटली. तळाशी उरलेली, सगळ्यात आंबलेली, स्वतः प्यायला. तोंड पुसलं, टँकरवर चढला, खांबाला घासला, आणि दोन मिनिटांत नळी तोंडात.

‘माझ्या लेकानं जल्मात दारूचा थेंब घेतल्याला न्हाय,’ धोंडुबाई म्हणाली. ‘त्येच्या बापानं घेतली की समद्यांच्या वाटणीची.’

मी पेलाभर प्यालो. सुरेख होती. शेवटचा घोट संपेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, ‘आता तर्र झालासा काय?’

तीस वर्षांच्या वार्ताहरकीत इतका नेमका प्रश्न मला एकाही संपादकानं विचारलेला नाही. किटली तिनं इथंच ठेवली. ‘परत द्याया या,’ म्हणाली. म्हणजे जावं लागणार.

२० डिसेंबर

सकाळी रंकाळ्यावर उदयसिंह. चाळीस वर्षं फौजदारी वकिली करून आता निवृत्त; फिरणं एक फेरी, बोलणं तीन फेऱ्या. पण एवढं स्वच्छ बोलणारा माणूस कोल्हापुरात दुसरा दाखवा. विनाकारण एक शब्द नाही. सकारण पुष्कळ.

‘चौदा? अरं, मग कायद्यानं तो तुझ्याइतका सोवळा हाय की.’

‘कसा?’

‘कायद्यात तीसची रेघ. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेला तर गुन्हा. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, न्हायतर दहा हजार दंड, न्हायतर दोन्ही. ह्यो गडी निम्म्यालाबी पोचला न्हाय.’

‘मग सुटला म्हण.’

‘कोर्टातनं. संघातनं न्हाय. संघाचा नियम शून्याचा असणार, एक आकडा दिसला की घरी. आणि पोलिसाला गुन्हा शाबीत करावा लागतो. मालकाला तेवढी कसरत न्हाय. शंका रास्त होती म्हणलं की भागतं.’

मग पाण्याकडे बघत म्हणाला, ‘एक ध्यानात ठेव नरसू. ते यंत्र रक्त बघत न्हाय. फुंकर बघतं आणि रक्ताचं भविष्य सांगतं. तोंडात काही आंबलेलं असलं तर ते तोंडाचं सांगणार, रक्ताचं न्हाय. म्हणून पंधरा मिनिटं थांबायचं, चूळ भरायला लावायची, पुन्हा फुकायला लावायचं. तरी वाद ऱ्हायला तर दवाखान्यात नेऊन रक्त काढायचं. त्या बाईनं ह्यातलं काय केलंय, ते विचार.’

विचारायला हवं. बातमी लिहिण्याआधी विचारायला हवं होतं, हे त्यानं म्हटलं नाही. त्याचा हाही गुण मला आवडतो.

२२ डिसेंबर, सोमवार

संघात जाऊन आलो. सुरक्षा अधिकारी म्हणजे कुणीतरी जाडजूड, शिट्टी अडकवलेली व्यक्ती असणार, अशी माझी कल्पना. निघाली तेजस्वी नावाची जयसिंगपूरची मुलगी — तिशीची असेल नसेल. मी आत गेलो तेव्हा फोनवर वडिलांना दटावत होती, ‘बाबा, जेवायच्या आधी टोचून घेतलं का? घेतलं म्हणू नका, डबी दाखवा धाकट्या अदितीला.’ फोन ठेवला आणि त्याच आवाजात मला म्हणाली, ‘बोला.’

तिची वही बघितली. तीन वर्षं, रोज सकाळी, प्रत्येक चालकाचं नाव, वेळ, आकडा. एका हाताचं अक्षर. खाडाखोड एकही नाही. यंत्र कधी तपासून आणलं त्याचे दाखले मागच्या पानाला टाचलेले. मी हस्तलिखितांच्या संगतीत वाढलेला माणूस. अशी शुद्ध प्रत क्वचित बघायला मिळते.

मी विचारलं, ‘बुधवारी पंधरा मिनिटं थांबलात का?’

आता ‘तपासून सांगते’ येणार, अशी माझी तयारी होती.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘मागं चार टँकर खोळंबले होते. दूध थांबत नाही.’ मग वही मिटत, ‘पण यंत्राच्या पुस्तिकेत लिहिलंय थांबा म्हणून. मी वाचलंय. तरी नाही थांबले.’

किल्ली हाती घेतल्यावर कृष्णातला तिनं घरी धाडलं आणि उरलेल्या गाड्यांकडे वळली. दुसरी फुंकर नाही, रक्त नाही. एकटा चौदा.

फायलीत गुंडूचा जबाब होता. ‘सदर इसमाचे तोंडास पिकल्या पेरूसारखा गोड वास येत होता.’ गुंडूच्या अंगी साहित्यगुण आहेत हे मला नव्यानं कळलं. तसं मी म्हटलंही. तेजस्वी हसली नाही. त्या ओळीखाली तिनं पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

मग मला यंत्रात फुंकून बघायची हौस आली. फुंकलो.

एकसष्ट.

जेवणानंतर पचनासाठी दोन चमचे अरिष्ट घेतो मी, गेली नऊ वर्षं — आजचं राहिलं होतं, ते पिशवीतल्या कुपीतून नुकतंच, फाईल चाळता चाळता घेतलं होतं. अरिष्ट आंबवूनच करतात, हे मला माहीत असायला हरकत नव्हती. पाठशाळेत वैद्यकाचे श्लोकही होते, त्याची कृती संस्कृतात तोंडपाठ होती. तेजस्वीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. म्हणाली, ‘सर, गाडी कुठं लावलीय?’ आणि हात पुढे केला. स्कूटरची किल्ली दिली. तिनं तांब्याभर पाणी दिलं, चूळ भरायला लावली, घड्याळ समोर ठेवलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकलो. शून्य. किल्ली परत.

बारा वर्षं त्रिकाळ संध्या केलेला माणूस कायद्यानं दुप्पट मद्यपी. निदान पाव तास.

निघताना ती म्हणाली, ‘हे मी चौकशीत सांगणार आहे. तुमचं नाव घेऊ का?’ घे म्हटलं. ही मुलगी स्वतःवर बालंट ओढवून घेणार आहे आणि परवानगी माझी मागतेय.

२३ डिसेंबर

हिला सगळं सांगितलं. एकसष्ट हा आकडा तिनं बहिणीला आजऱ्याला फोन करून कळवला. अरिष्टाची बाटली फडताळातून माजघरात आली आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी.

२६ डिसेंबर, शुक्रवार

किटली परत द्यायला उचगावला. कृष्णात घरीच होता. दुसरं कुठं असणार.

अठ्ठेचाळीसचा, उंच, खांदे मोठे आणि त्याखाली शर्ट लोंबलेला. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली दोन नवी भोकं. काळजीनं माणूस किती लवकर वाळतो ते बघून मला माझा ठेका आठवला.

माफी कशी मागायची याची वाक्यं जुळवून गेलो होतो. त्यानं ती वेळच येऊ दिली नाही.

‘बसा की गुरुजी. एक सांगा. त्यो सबुद तुमच्या मनचा, का गुंड्यानं सांगितला?’

‘माझा. गुंडूनं फक्त आकडा सांगितला.’

‘मग बरं हाय,’ कृष्णात म्हणाला आणि खरंच मोकळा झाल्यासारखा दिसला. ‘गुंड्या दोस्त हाय माझा. धा दिस झाले, मी त्येच्यासंगं बोललो न्हाय. उद्या जातो.’

म्हणजे मी केलेलं त्याला चाललं. मित्रानं केलेलं चाललं नसतं. याला काय म्हणावं ते कळेना. खिशातली वाक्यं खिशातच राहिली.

धोंडुबाईनं त्याची बावीस वर्षं मांडली. आजऱ्याचा रस्ता, रोज जाऊन-येऊन. अपघात नाही. एकदा कुत्रं आडवं आलं म्हणून टँकर उसात घातला, कुत्रंही वाचलं आणि दूधही. हे सांगताना कृष्णात मधेच म्हणाला, ‘कुत्रं उभं ऱ्हाऊन बघत हुतं की. मी शिव्या देतोय आन् ते शेपटी हलवतंय.’

खांबाचं विचारलं. ‘खांब दिसला न्हाय असं न्हाय. दिसला, पर पुसट. धुकं आसंल.’ डिसेंबरातली सकाळ, पंचगंगेकाठचा भाग, धुकं असणारच. मी वहीत ‘धुकं’ लिहिलं.

तासाभरात त्यानं दोन तांबे पाणी संपवलं आणि तीनदा परसात जाऊन आला. ‘बसून बसून घसा कोरडा पडतोय,’ म्हणाला. ‘टँकरवर आसलो की पाण्याची आठवण हुईत न्हाय.’

नोकरी गेली तर काय, हे मी विचारलं नाही. त्यानंच सांगितलं. ‘दुसरीकडं ठेवतील मला, डायवर कमीच हायत. पर तिथंबी फाटक आसंल, आन् फाटकावर तुमचा पेपर.’

३० डिसेंबर

मला नोटीस. साक्षीदार म्हणून.

कृष्णातवरच्या आरोपपत्रात दोन कलमं. पहिलं: कामावर मद्य घेऊन येणे. दुसरं: ‘वृत्तपत्रात प्रसिद्धी होऊन संघाची बदनामी होण्यास कारणीभूत ठरणे.’ सोबत कात्रण जोडलंय. माझं.

म्हणजे अर्धा आरोप मी लिहिलाय. ठेक्यासकट.

५ जानेवारी, सोमवार

संघाच्या सभागृहात चौकशी. चौकशी अधिकारी एक निवृत्त तहसीलदार. कान मोठे, ऐकून घेण्याची सवय त्याहून मोठी. पोट भरलेला माणूस जसा पान लावतो तसे सावकाश प्रश्न विचारत होते. कृष्णात पांढऱ्या सदऱ्यात, हात मांडीवर. त्याच्या शेजारी धोंडुबाई — तिला बाहेर बसा म्हणायचं धाडस कुणी केलं नाही. तिच्या मांडीवर किटली.

पहिली साक्ष माझी.

‘चालक मद्यधुंद होता हे आपल्याला कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही.’

‘मग?’

‘यंत्रानं चौदा दाखवले, एवढं मला फोनवर कळलं. ‘तर्र’ हा शब्द माझ्या पदरचा. तो खरा आहे का ते मी तपासलं नाही. छान वाटला म्हणून लिहिला.’

त्यांनी ते शब्दशः उतरवून घेतलं. ‘छान वाटला म्हणून लिहिला.’ खाली माझी सही. माझ्या आजवरच्या लेखनात एवढं संक्षिप्त आणि निर्दोष दुसरं काही नाही.

मग तेजस्वी. वही, पुस्तिका, यंत्र टेबलावर मांडलं आणि उभं राहून सांगितलं:

‘चाचणी मी घेतली. चालकानं नुकतंच काही घेतलंय का, हे मी विचारलं नाही. पंधरा मिनिटं थांबले नाही. दुसरी चाचणी घेतली नाही. रक्ततपासणीला पाठवलं नाही. आकडा खरा आहे. पण तो कशाचा आहे हे मला सांगता येणार नाही. त्यामुळे त्यावरून मी काढलेला निष्कर्ष मी मागे घेते.’

तहसीलदारांनी चष्मा काढला. ‘मॅडम, हे तुमच्याविरुद्ध जाईल.’

‘हो सर. तुम्ही लिहून घ्या.’

मी तीस वर्षं सरकारी, निमसरकारी, सहकारी अशा सर्व जातींच्या अधिकाऱ्यांच्या चुका छापत आलो. अशी आपणहून ताटात वाढलेली चूक कधी पाहिली नव्हती. वार्ताहराला इथं काही कामच उरत नाही.

तहसीलदार म्हणाले, आंबीलीचं प्रात्यक्षिक करून बघू. धोंडुबाईनं त्यासाठीच चार दिवस आंबवलेली करून आणली होती. ‘देवीचा नेम झाला, ही चौकशीची,’ म्हणाली.

कुणी प्यायची?

‘चालकानंच फुंकावं,’ तेजस्वी म्हणाली. ‘आधी आंबील न पिता. मग पिऊन. मग पंधरा मिनिटांनी.’

धोंडुबाई उठून उभी राहिली. ‘न्हाय. माझं लेकरू आता पुन्यांदा त्या नळीत फुकायचं न्हाय. एकदा फुकून बावीस वर्सं गेली. दुसऱ्या कुनालाबी पाजा.’

सगळ्यांना ते पटलं. मलाही. मी मोठ्यांदा ‘बरोबर आहे’ म्हणालो. साक्षीदाराला तो अधिकार नव्हता, पण तहसीलदारांनी मान डोलावली. तेजस्वीनं आणखी एकदा म्हणून पाहिलं, ‘आजी, दोन मिनिटांचं काम आहे.’ आजीनं तिच्याकडे नुसतं बघितलं. तेजस्वीनं नळी बाजूला ठेवली.

मग गुंडू. फाटकावरून बोलावून आणला. आधी कोरडाच फुंकला: शून्य. पेलाभर आंबील घटाघटा प्यायला, मिशा पुसल्या, फुंकला. बारा.

सभागृहात एकच हशा. ‘आगं आई गं,’ गुंडू आकड्याकडे बघत म्हणाला, ‘आन् मी आज घरात भांडण न करता आलतो.’ कृष्णात पहिल्यांदा हसला. पंधरा मिनिटं सगळे घड्याळाकडे बघत बसलो. कृष्णातनं तेवढ्यात पाण्याचा जग रिकामा केला. गुंडू पुन्हा फुंकला: शून्य.

एक प्रश्न तेजस्वीनं जाता जाता गुंडूला विचारला. ‘त्या दिवशी वास गोड होता, की आंबट?’

‘गोड, मॅडम. पेरूचा. म्या लिवलंय की तसं.’

‘सर्दी झाली असेल तुला,’ मी म्हणालो. लोक पुन्हा हसले. चौकशी संपली.

बाहेर धोंडुबाईनं उरलेली आंबील सगळ्यांना वाटली, तहसीलदारांनाही. ते म्हणाले, मला गाडी चालवायची आहे. पंधरा मिनिटं थांबा, तेजस्वी म्हणाली. थांबले.

८ जानेवारी, गुरुवार

निकाल. दोन्ही आरोप रद्द. कृष्णात सोमवारपासून कामावर, तोच टँकर, तोच आजऱ्याचा रस्ता. तेजस्वीला लेखी समज. आजपासून संघात नवा नियम: चाचणीआधी पंधरा मिनिटं, चूळ, आकडा आला तर दुसरी फुंकर, आणि तरीही आला तर रक्त. नियमाचा मसुदा तिचाच. समजपत्राला उत्तर म्हणून तिनं तो सादर केला म्हणे. एवढं देखणं प्रत्युत्तर मी वाचलेलं नाही.

मी खुलासा लिहिला. मथळा: ‘आमची चूक’. संपादक म्हणाले, नरसूअण्णा, काहीतरी चुरचुरीत द्या. नाही म्हटलं. पहिल्या बातमीच्या जागीच, त्याच आकारात छापून घेतला.

संध्याकाळी उदयसिंहला सांगितलं. तो म्हणाला, ‘पोरगी लाखात एक हाय. वकील झाली असती तर मी उपाशी मेलो असतो.’

हिनं खुलासा कापून ठेवला. माझ्या एकाही लेखाचं कात्रण तिनं आजवर ठेवलेलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

सकाळी साडेआठला तेजस्वीचा फोन, दवाखान्यातून.

कृष्णात आज कामावर आला. आंबील नाही, चहासुद्धा नाही. पहिला दिवस म्हणून देवीला जाऊन उपाशीच आला होता. चूळ भरली. ती घड्याळ समोर ठेवून पंधरा मिनिटं थांबली. त्यानं फुंकलं. चौदा. पुन्हा पंधरा मिनिटं, पुन्हा चौदा. गुंडू बाजूला उभा होता. ‘मॅडम, पेरू,’ म्हणाला.

तिनं वहीत काही लिहिलं नाही. कृष्णातला विचारलं, ‘काका, पाणी किती लागतं दिवसाला?’ आणि त्याला आपल्या स्कूटीवर बसवून नेलं. तिच्या वडिलांच्या मधुमेहाची सुरुवात अशीच झाली होती. कृष्णातची साखर चारशे ऐंशी निघाली. डॉक्टर म्हणाले, साखर एवढी चढली की श्वासात गोड वासाचं ॲसिटोन उतरतं. स्वस्तातल्या यंत्राला त्यातला आणि दारूतला फरक कळत नाही. आठवडाभरात चाकावरच शुद्ध गेली असती. आता सलाइनची बाटली लावली आहे, बोलतोय.

तहान, वाळणं, पुसट दिसणं, तोंडाचा गोडवा — पाठशाळेत ही लक्षणं मला क्रमानं पाठ होती. मी ‘धुकं’ लिहिलं.

आंबील आंबट असते. गुंडूनं पहिल्याच दिवशी लिहून दिलं होतं — गोड.